अन्ननलिकेच्या गाठी ओळखताना

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत उतरणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. मानेत ती श्वासनलिकेच्या मागे असते, छातीत महाधमनी आणि हृदय यांच्या शेजारून जाते आणि श्वासपटलातल्या भोकातून पोटात शिरते. दुर्बीण घालणारे तिचे अंतर वरच्या पुढच्या दातांपासून मोजतात. १५ सेंटिमीटरला ती सुरू होते आणि ४० च्या आसपास संपते. अहवालात ‘२८ सें.मी.वर वाढ’ असे वाचले की अनुभवी सर्जनच्या डोळ्यांसमोर आजूबाजूचा मुलूख उभा राहतो: श्वासनलिकेचा फाटा २५ च्या सुमाराला, म्हणजे वाढ त्याच्या जरा खाली, आणि लगत महाधमनी.

या नळीचे दोन गुण पुढच्या सगळ्या गोष्टींना वळण देतात. एक तर ती ताणली जाते. आतला मार्ग साधारण १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद होईपर्यंत घट्ट घाससुद्धा कसाबसा उतरत राहतो. दुसरे असे की आतड्यांवर असते तसे बाहेरचे पातळ आवरण तिला नाही, आणि लसिकावाहिन्यांचे जाळे अस्तराखालून उभे, लांबवर पसरलेले असते. त्यामुळे कर्करोग भिंतीबाहेर लवकर पडतो आणि मूळ गाठ छातीच्या मध्यावर असताना मानेतली किंवा पोटातली लसिकाग्रंथी सुजलेली सापडते. तक्रार उशिरा सुरू होते आणि पसरणे लवकर होते, ही या आजारातली मुख्य अडचण आहे.

निदानाला आरंभ जेवणाच्या हकिकतीपासून करावा लागतो. चेन्नईतल्या ओपीडीत ‘गिळायला त्रास होतो का?’ असे विचारले तर पुष्कळ रुग्ण ‘नाही’ म्हणतात, कारण जे गिळता येते तेवढेच ते खात असतात. ‘शेवटचा परोट्टा कधी खाल्लात?’ या प्रश्नाला मात्र नेमके उत्तर येते. आधी परोट्टा आणि मटण सुटते, मग दोसा. मग इडली सांबारात कुस्करून खाल्ली जाते, दहीभात मिक्सरमधून काढला जातो, आणि शेवटी रसम व कांजी उरते. महाराष्ट्रात हाच क्रम भाकरीपासून सुरू होऊन पेजेवर संपतो. भाकरीवर जगणाऱ्याला घास अडल्याचे लवकर कळते. मऊ आणि पातळ जेवणाची सवय असलेल्याला बरेच दिवस सांभाळून घेता येते, आणि तिथेच वेळ जातो. हा प्रश्न रुग्णापेक्षा त्याच्या बायकोला विचारलेला बरा. ताटातून काय कधी गेले हे तिला नीट ठाऊक असते.

वॉर्डात वर्षानुवर्षे दिसणारा एक नमुना सांगण्याजोगा आहे. पन्नाशीतला, अंगमेहनत करणारा, विडी आणि दारू दोन्ही असलेला माणूस. छातीत जळजळ होते म्हणून जवळच्या डॉक्टरांकडून आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतो. गोळ्यांनी थोडे बरे वाटते, कारण तोवर जेवणही मऊ झालेले असते. सहा-आठ महिन्यांनी तो येतो तेव्हा शर्ट खांद्यावरून ओघळत असतो आणि केस पेपरवर वजनाच्या रकान्यात कुणी काही लिहिलेले नसते. चाळिशीपुढच्या माणसाला नव्याने घास अडू लागला तर गोळ्या देऊन वाट न पाहता आधी दुर्बीण करायची, हा नियम या विषयातल्या कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी आहे.

हकिकतीतूनच गाठीचा स्वभावही थोडा कळतो. आधी घट्ट अन्न, मग मऊ, मग पाणी अशा क्रमाने त्रास वाढत गेला तर आत काहीतरी अडथळा वाढतो आहे. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासूनच अडत असतील तर नळीच्या हालचालीचा दोष, विशेषतः अकॅलेशिया, मनात आणावा. काही महिन्यांत सारे बिघडले आणि वजन घटले तर कर्करोगाची शक्यता मोठी. चार-पाच वर्षे तेवढेच दुखणे असेल तर साधी गाठ किंवा आम्लाने आलेला आकस अधिक संभवतो. घास कुठे अडतो हे रुग्ण बोटाने दाखवतो. छातीवर ठेवलेले बोट बहुधा बरोबर असते, गळ्यावर ठेवलेले फसवू शकते, कारण खालचा अडथळाही गळ्याशी जाणवतो. आवाज बसला असेल तर स्वरयंत्राची डावी नस गाठीत सापडली असावी. पाणी पिताच ठसका लागत असेल तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडलेले असू शकते. ही दोन्ही लक्षणे आढळली की शस्त्रक्रियेची आशा बहुधा मावळलेली असते.

साध्या गाठी अन्ननलिकेत फार कमी आढळतात. तिथल्या सर्व गाठींत त्यांचा वाटा एखाद्या टक्क्याच्या घरात. त्यांतली निम्म्याहून अधिक प्रकरणे लिओमायोमाची, म्हणजे भिंतीतल्या अनैच्छिक स्नायूंपासून वाढणाऱ्या गाठीची असतात. ती विशी ते पन्नाशीच्या वयात, बहुतेक नळीच्या खालच्या दोन-तृतीयांश भागात सापडते, सावकाश वाढते आणि कर्करोगात जवळजवळ कधीच बदलत नाही. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात तिची कडा गुळगुळीत अर्धचंद्रासारखी दिसते. दुर्बिणीतून पाहिले तर फुगवटा असतो, पण वरचे अस्तर शाबूत असते आणि दुर्बिणीचे टोक बाजूने सहज पुढे सरकते.

अशा गुळगुळीत फुगवट्याचा चिमट्याने तुकडा काढू नये. वरवरच्या तुकड्यात निरोगी अस्तरच येते, त्यामुळे निदान होत नाही. शिवाय तिथे व्रण होऊन अस्तर गाठीला चिकटते. एरवी ही गाठ छातीत दुर्बिणीने शिरून, स्नायूंचे थर बाजूला सारून, अस्तराला धक्का न लावता सोलून काढता येते. आधी दुसरीकडे तुकडे काढलेल्या एका तरुण रुग्णेत गाठ सोलताना अस्तर नेमके त्याच जागी फाटले. ते शिवले गेले, पण तीन दिवसांचा मुक्काम तीन आठवड्यांवर गेला. ‘बायॉप्सी केली, काही निघाले नाही’ हा कागद पाहून घरच्यांना मिळालेला दिलासाही खोटाच होता, कारण चिमटा गाठीपर्यंत पोहोचलाच नव्हता.

अशा वेळी योग्य तपासणी म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी. तिच्यात भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात. लिओमायोमा चौथ्या, स्नायूंच्या थरात, काळपट आणि एकसंध दिसतो. गाठ मोठी असेल, कडा वेडीवाकडी असेल किंवा पाठोपाठच्या तपासण्यांत ती वाढत असेल तर सुईने आतला नमुना घेऊन जिस्ट नावाची गाठ नाही ना हे पाहावे लागते. जिस्ट अन्ननलिकेत विरळा, पण तिचा उपचार वेगळा. लहान आणि त्रास न देणाऱ्या लिओमायोमाला हात न लावता वर्षा-दोन वर्षांनी तपासत राहिले तरी चालते. ‘गाठ आहे आणि काढायची नाही’ हे घरच्यांना पटवणे मात्र शस्त्रक्रिया करण्याहून कठीण जाते.

बाकीच्या साध्या गाठी विरळच. ग्रॅन्युलर सेल गाठ पिवळसर, दाढेच्या आकाराची असते. पॅपिलोमा मशासारखा, पांढुरका. जन्मजात पुटी कधी कधी मोठ्या वयापर्यंत लपून राहते. वरच्या टोकाला देठाने लोंबणारा फायब्रोव्हॅस्क्युलर पॉलिप मात्र लक्षात ठेवावा. तो खोकल्याच्या उबळीसरशी तोंडात येतो, रुग्ण तो परत गिळतो आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. श्वासमार्गावर बसला तर जीव जाऊ शकतो, म्हणून तो साधा असूनही काढावा लागतो.

गाठ नसताना गाठीचा भास करून देणाऱ्या गोष्टीही आहेत. महाधमनीचा दाब, मानेच्या मणक्यांची वाढलेली हाडे, वेगळ्या वाटेने गेलेली उजवी सबक्लेव्हियन धमनी ही त्यांतली काही. भारतात सगळ्यात महत्त्वाचा क्रमांक क्षयाचा. छातीतल्या क्षयाच्या ग्रंथी अन्ननलिकेला दाबतात, कधी आत फुटून व्रण करतात, आणि तो व्रण हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. तुकड्यात कर्करोगाच्या पेशी न सापडता ग्रॅन्युलोमा सापडला, रुग्ण तरुण असला, संध्याकाळी ताप येत असला तर क्षयाचा शोध नेटाने घ्यावा. अशा रुग्णांना क्षयाच्या औषधांवर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत जेवताना पाहिले की ‘दिसते तर कॅन्सरसारखेच’ या वाक्यावर भिस्त ठेवून चालत नाही हे पटते.

घातक गाठींचे दोन मोठे प्रकार. अस्तराच्या सपाट पेशींपासून होणारा स्क्वॅमस कर्करोग बहुधा वरच्या व मधल्या भागात होतो. ग्रंथीच्या पेशींचा अडिनोकार्सिनोमा खालच्या टोकाला, जठराच्या सांध्याजवळ होतो. त्यामागे वर्षानुवर्षे वर येणारे आम्ल, त्यातून बदललेले बॅरेट अस्तर आणि स्थूलता असते. युरोप-अमेरिकेत दुसरा वाढला आहे. भारतात, चेन्नईतही, पहिल्याचेच प्राबल्य आहे. जगात २०२२ साली अन्ननलिकेच्या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आणि ४ लाख ४५ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यातच या रोगाची जात कळते.

मद्रासमध्ये या आजाराची मोजदाद नीट होऊ शकली याचे श्रेय मोठ्या प्रमाणात अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटकडे जाते. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने ती १९५४ साली सुरू झाली, डॉ. एस. कृष्णमूर्ती आणि १९५५ मध्ये रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता यांनी ती वाढवली. मुंबईत लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी १९६३ पासून होती. मद्रास शहराची तशी नोंदणी याच संस्थेत १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाखाली उभी राहिली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांचे कागद आणि महापालिकेतल्या मृत्यूच्या नोंदी स्वतः जाऊन जुळवतात. हे कंटाळवाणे काम आहे आणि त्याच्याविना शहरातल्या कोणत्याही उपचाराचा हिशेब लागत नाही.

कारणांत तंबाखू पहिली. विडी-सिगारेट असो की विड्यातून चघळलेली. दारू जोडीला आली की धोका दोहोंच्या बेरजेपेक्षा पुष्कळ जास्त वाढतो. सुपारी, फळभाज्यांचा अभाव, दीर्घकाळचा अकॅलेशिया ही इतर कारणे. लोहाच्या कमतरतेने घशाखाली पडदा तयार होणाऱ्या स्त्रियांत नळीच्या वरच्या टोकाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून पांढऱ्याफटक पडलेल्या बाईला ‘अशक्तपणामुळे घास अडतो’ असे सांगून फक्त लोहाच्या गोळ्या देणे धोक्याचे. ॲसिड पोटात गेल्याने नळी आकसलेल्या माणसांचा वेगळाच वर्ग आहे. शौचालय धुण्याचे स्वस्त ॲसिड घराघरांत असते, आणि चेन्नईतल्या सरकारी रुग्णालयांना अशा इजांचा मोठा अनुभव आहे. वारंवार नळी रुंद करून घेणाऱ्या अशा रुग्णाची तक्रार दोन-तीन दशकांनी अचानक वाढली तर तो जुनाच आकस म्हणून पुन्हा रुंद न करता तुकडा तपासावा.

आणि फिल्टर कॉफी? ६५ अंश सेल्सियसहून गरम पेयांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ‘बहुधा कर्करोगजनक’ या वर्गात केला. दोष कॉफीचा नसून उष्णतेचा. डवरा-टंबलरमधून उंचावरून ओतून फेस काढण्याची रीत कॉफी निववते, तेव्हा चेन्नईकरांनी ती रीत सोडू नये एवढेच.

निदान पक्के होते ते तुकड्यावर. खडबडीत, व्रण पडलेल्या, सहज रक्त येणाऱ्या वाढीचे सहा-आठ तुकडे, व्रणाच्या कडेचे, घ्यावेत. मधल्या मेलेल्या भागाचा एकच तुकडा पाठवला तर अहवाल हमखास अनिश्चित येतो आणि दोन आठवडे जातात. लवकरच्या अवस्थेत वाढ दिसतही नाही. अस्तराचा रंग जरासा बदललेला असतो. तिथे आयोडीनचे द्रावण फवारतात. निरोगी पेशींतल्या ग्लायकोजेनमुळे अस्तर तपकिरी होते आणि बिघडलेला भाग फिका राहतो. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेल्या माणसात ही तपासणी अवश्य करावी, कारण एकाच तंबाखूने दोन्ही जागा भाजलेल्या असतात.

त्यानंतर रोग किती पसरला ते पाहायचे. छाती-पोटाचे सीटी, शक्य असेल तर पेट-सीटी, भिंतीतली खोली आणि जवळच्या ग्रंथी पाहायला दुर्बिणीची सोनोग्राफी, आणि गाठ श्वासनलिकेच्या फाट्याजवळ किंवा वर असेल तर श्वासनलिकेचीही दुर्बीण. सगळ्यांना सगळे करावे असे नाही. सीटीत यकृतात गाठी दिसल्या तर पुढच्या तपासण्यांनी रुग्णाचे पैसे आणि दिवस जातात, उपचार बदलत नाही. तमिळनाडूत २००९ पासूनच्या सरकारी विमा योजनेने पुष्कळ उपचार आवाक्यात आले, पण गावाहून येणाऱ्याला रोजगार बुडवून आठवडे शहरात राहावे लागते, त्याची भरपाई कोणतीही योजना करत नाही.

उपचाराआधी पोषणाचा प्रश्न येतो. दहा टक्क्यांहून अधिक वजन घटलेल्या माणसावर थेट मोठा उपचार लादला तर तो टिकत नाही. नाकातून बारीक नळी किंवा पोटावरून आतड्यात नळी घालून आहार सुरू करतात. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातले फॉस्फेट धोकादायक खाली येते, म्हणून हळूहळू वाढवत न्यावे. दारू पिणाऱ्याला थायमिन आधी द्यावे. नाचणीची कांजी, दूध, अंडे, डाळीचे पाणी गाळून नळीतून देणारी आई किंवा बायको या टप्प्यावर उपचाराचा अर्धा भार वाहत असते. तिला मोजमाप नीट शिकवलेला अर्धा तास वाया जात नाही.

रोग अस्तरापुरताच असेल तर दुर्बिणीतूनच तो भाग सोलून काढता येतो आणि नळी वाचते. तो अस्तराखालच्या थरात खोल गेला की ग्रंथीत पसरण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून वर जाते, मग तेवढ्यावर भागत नाही. चेन्नईच्या वॉर्डात पहिल्या गटातले रुग्ण क्वचित दिसतात. बहुतेकांची गाठ भिंतीच्या स्नायूंत शिरलेली असते.

अशांसाठी मोठे वळण २०१२ साली आले. नेदरलँड्समधल्या क्रॉस चाचणीत शस्त्रक्रियेआधी पाच आठवडे किमो आणि किरणोपचार, म्हणजे २३ वेळा मिळून ४१.४ ग्रे, दिले गेले. मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून सुमारे ४९ महिन्यांवर गेले. स्क्वॅमस प्रकारात काढलेल्या नळीत जवळजवळ निम्म्या रुग्णांत जिवंत कर्करोग सापडलाच नाही. त्याआधी सरळ छाती उघडणाऱ्या सर्जनांना ही शिस्त स्वीकारायला वेळ लागला. ‘लाइट’ (किरणोपचार) घेतलेल्या छातीत हात घालणे अवघड, अशी त्यांची तक्रार असे, आणि ती अगदीच खोटी नव्हती. गाठ पूर्ण विरघळलेल्यांना लगेच शस्त्रक्रिया न करता बारकाईने तपासत राहता येईल का, यावर आता अभ्यास होत आहेत. पण त्यासाठी दर काही महिन्यांनी रुग्ण परत यायला हवा. जो येणार नाही हे दिसते आहे, त्याला हा मार्ग सुचवू नये. अडिनोकार्सिनोमात चार औषधांची फ्लॉट किमो आधी व नंतर देण्याकडे आता कल आहे. मानेतल्या नळीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेत स्वरयंत्रही जाते, म्हणून तिथे किमो-किरणोपचार हाच मुख्य उपचार.

अन्ननलिका काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास धाडसाचा आहे. १९१३ मध्ये न्यू यॉर्कच्या फ्रान्झ टोरेक यांनी छातीतली नळी यशस्वीपणे काढली. जोडायला काहीच नव्हते, म्हणून मानेतले भोक आणि पोटातले भोक बाहेरून रबरी नळीने जोडले, आणि ती रुग्णा त्यानंतर बारा-तेरा वर्षे तशी जेवत राहिली. आयव्हर लुईस यांची १९४६ ची आणि मॅककीऑन यांची १९७६ ची पद्धत आजही मूळ आहे: जठराची नळी करून ती छातीत किंवा मानेत वर ओढून जोडायची. मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. एन. रंगभाष्यम यांनी पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र शिक्षण रुजवले. कोइमतूरचे डॉ. सी. पळनिवेलू यांनी रुग्णाला पालथे झोपवून छातीत दुर्बिणीने नळी सोडवण्याची पद्धत वापरून १३० रुग्णांचा अनुभव २००६ मध्ये मांडला. पालथ्या स्थितीत फुप्फुस आणि रक्त आपोआप खाली सरकते, जागा मोकळी होते. छाती न उघडल्याने नंतरचे न्यूमोनिया घटतात.

शस्त्रक्रियेनंतरची खरी परीक्षा पहिल्या दहा दिवसांत असते. जोड गळू लागला तर सुरुवातीला ताप असेलच असे नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी नाडी विनाकारण ११०-१२० ला जाते, रुग्ण थोडा गोंधळतो, ‘बरे वाटत नाही’ म्हणतो. वॉर्डातली जुनी सिस्टर ‘आज यांचा चेहरा वेगळा आहे’ म्हणते तेव्हा सीटी करावे, उद्यावर ढकलू नये. छातीच्या नळीतून दुधाळ पाणी येऊ लागले तर लसिकेची मोठी वाहिनी दुखावली आहे. आवाज बसणे बहुधा तात्पुरते, पण अशा रुग्णाला पाणी देताना ठसक्याची भीती असते. ही शस्त्रक्रिया वर्षाला दोन-चार होणाऱ्या ठिकाणी करू नये, यावर अनुभवी लोकांत दुमत नाही.

पुष्कळ रुग्णांत रोग काढण्यापलीकडे गेलेला असतो. तिथे ध्येय एकच, माणसाला तोंडाने गिळता यावे. धातूची जाळीदार स्टेंट एक-दोन दिवसांत वाट मोकळी करते. काही महिने जगण्याची शक्यता असलेल्याला नळीतूनच आत दिलेला किरणोपचार उशिरा पण जास्त काळ आराम देतो. श्वासनलिकेत भोक असेल तर आवरण असलेली स्टेंट हाच मुख्य उपाय. स्टेंट घातलेल्याला चावून बारीक करणे, मटण आणि फणस टाळणे, जेवताना मध्ये मध्ये पाणी पिणे, उशाला उंच घेऊन झोपणे हे लिहून द्यावे. पोंगलला ऊस चघळून चोथा अडकवून घेतलेले रुग्ण जानेवारीत येतात. दुर्बिणीने तो ढकलता येतो. रागावू नये, सणाला ऊस खावासा वाटला म्हणजे तोवर माणूस बरा जेवत होता.

बरे झालेल्यांनाही जेवण नव्याने शिकावे लागते. जठराची नळी झाल्याने पोटात साठवण उरत नाही, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे, गोड एकदम जास्त घेऊ नये, रात्री उशिरा जेवू नये. जोड आकसला तर दुर्बिणीने रुंद करावा लागतो, कधी अनेकदा. रोग परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून तेवढा काळ दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी वजन, गिळणे, मानेच्या ग्रंथी तपासतात, आणि गरजेप्रमाणे सीटी व दुर्बीण करतात. तंबाखू सुटली की नाही हे दर वेळी विचारायचे, आणि तोंड उघडून आत पाहायचे.